उफाव ओरडत नाहीत

सकाळी नऊच्या सुमाराला अण्णासो मगदूम बजा खोताच्या हॉटेलात बसून कुस्तीवरून भांडत होता, आणि त्याच्या तोंडात जीभ नव्हती.

"चितपट झालीच न्हवती ती," तो म्हणत होता. "डावा खांदा वर हुता. मी स्वतः माईकवर हुतो. तू मला सांगतोस व्हय?"

आवाज त्याचाच होता, पण निघत होता गळ्यात अडकवलेल्या काडेपेटीएवढ्या डब्यातून. ओठ वेगळंच काहीतरी करत होते. ते मिटायचे, फुटायचे, फुंकर मारायचे, मध्येच श्वास आत ओढायचे. पहिल्यांदा बघणारा बावचळून जायचा. आधी ओठांकडे बघायचा, मग डब्याकडे, मग चहा थंड व्हायचा. बजाला आता सवय झाली होती. गेलं वर्षभर तो अण्णासोशी असाच भांडत होता.

समोरच्या बाकावर अण्णासोची धाकटी बहीण ऋजुता बसली होती. दोन दिवसांच्या सुट्टीवर ती पुण्याहून नांदरवाडीला आली होती. ती डबा ऐकत नव्हती, भावाचे ओठ वाचत होती. अख्ख्या हॉटेलात तिला एकटीलाच डब्याची गरज नव्हती, कारण ते ओठ जी भाषा बोलत होते ती तिनं स्वतः घरी बसून तयार केली होती.

"खांदा टेकला हुता!" बजा गल्ल्यामागून गरजला. "साऱ्या मैदानानं बघितलं!"

अण्णासो उठला, टेबलावर थाप मारली, मानेच्या शिरा फुगल्या. डब्यातून मात्र तेवढ्याच सुरात, सांजवेळी ओट्यावर बसून बोलावं तसं वाक्य आलं, "मैदानाला काय कळतंय."

"आवाज वाढवा की अण्णासो!" कोपऱ्यातून कोणीतरी म्हणालं, आणि सगळे हसले. वाईट कोणाच्याच मनात नव्हतं. अण्णासोही हसल्यासारखं करून खाली बसला. पण ऋजुतानं त्याचे डोळे बघितले, ते हसत नव्हते.

तीस वर्षं हा माणूस कुस्तीच्या फडात निवेदन करत होता. माईक बंद पडला तरी त्याचं अडत नसे. "आला रे आला!" म्हणून त्यानं आरोळी ठोकली की हलगीवाला दचकायचा, मैदानाबाहेर भेळ खाणारी माणसं भेळ टाकून आत पळायची. आणि ती तीस वर्षं डाव्या गालात तंबाखूचा बार असायचा. शेवटी मिरजेला नेऊन जीभ मुळासकट काढावी लागली. घसा शाबूत राहिला. घशाचं करायचं काय, हे मात्र कोणी सांगितलं नाही.

घरी परतताना ओढ्याच्या पुलावर अण्णासो थांबला.

"ऋजे, मला एक आरोळी दे."

"म्हणजे?"

"एकच. तिला अर्थ नको. घशातनं काढली की डब्यातनं यावी. एवढंच."

"अण्णा, उफावीत तो ध्वनीच नाही."

"मग घाल. तूच केलीस न्हवं भाषा?"

ऋजुतानं त्याला सगळं पुन्हा समजावून सांगितलं. यापूर्वीही दोनदा सांगितलं होतं.

सहा वर्षांपूर्वी पुण्यातल्या एका ॲनिमेशन स्टुडिओनं तिला बोलावलं होतं. ती कॉलेजात उच्चारशास्त्र शिकवायची. स्टुडिओनं लहान मुलांच्या मालिकेसाठी कड्याकपारीत राहणारे 'उफाव' नावाचे लोक चितारले होते. चित्रकारानं कंटाळा करून त्यांच्या तोंडात जीभ काढलीच नव्हती. जीभ हलवायची म्हणजे काम दुप्पट. दिग्दर्शक म्हणाला, "मॅडम, यांना जीभ नसतेच असं धरा आणि भाषा द्या." दुसरं कोणी असतं तर हात जोडून निघून गेलं असतं. ऋजुता मात्र खूश झाली. आपण बोलतो त्यातलं निम्म्याहून जास्त बोलणं जिभेच्या जिवावर चालतं. ती काढून टाकली तर उरतं काय? ओठ, जबडा आणि श्वास. एवढ्यावर तिनं अख्खा ध्वनिसंच उभा केला. ओठ मिटणं, फोडणं, फुंकणं, गुणगुणणं. तेच सगळं श्वास आत घेताना. जबडा उघडण्याच्या तीन तऱ्हा. सगळे मिळून एकतीस ध्वनी.

घसाही होता म्हणा. पण कथेत 'हबा' नावाचा एक राक्षसी पक्षी होता. तो आंधळा, कानानं शिकार करणारा. मोठा आवाज केला की आलाच. म्हणून उफाव जपून, ओठांतल्या ओठांत बोलत. ऋजुतानं वहीच्या पहिल्याच पानावर लिहिलं होतं, 'उफाव ओरडत नाहीत.' तिला ते वाक्य फार आवडलं होतं. त्या एका वाक्यानं हे लोक आपल्याला खरे वाटायला लागले, असं ती मुलाखतींत सांगायची.

मालिका तुफान चालली. गल्लीबोळातली पोरं उफावीत बोलायला लागली. मिरजेच्या ज्या डॉक्टरीणबाईंनी अण्णासोची शस्त्रक्रिया केली, त्यांची मुलगी एकदा जेवताना तोंडात घास ठेवून उफावी बोलत होती. बाई तिच्याकडे बघतच राहिल्या. घास जिभेवर आहे आणि पोरगी वाक्यामागून वाक्य बोलतेय. त्यांनी त्याच दिवशी ऋजुताला फोन लावला.

तिथून 'ओठवाणी' झाली. हनुवटीखाली आणि गालांवर चिकटवायच्या पातळ पट्ट्या ओठांची हालचाल टिपतात, डबा श्वास ऐकतो, दोन्ही जुळवून उफावी ओळखतो आणि मराठीत बोलतो. ज्याचं जुनं बोलणं कुठं ध्वनिमुद्रित असेल त्याला त्याचाच आवाज मिळतो. जीभ गेलेली चार हजार माणसं आज ओठवाणीवर बोलत होती. चार हजार! ऋजुताला रस्त्यात गाठून बायका पाया पडायच्या.

"मग त्यात एक आरोळी घालायला काय जातंय?" अण्णासोनं विचारलं.

"जातं. सुरुवातीला घशातला आवाज ठेवला होता ना? आठवतं काय व्हायचं?"

आठवत होतं. जीभ नसलेल्या माणसाचा घसा सारखा काहीतरी आवाज करतो. लाळ, कफ, घरघर, कण्हणं. डबा त्याचेही शब्द लावायचा. वॉर्डातले एक गुरुजी खोकले की डबा म्हणायचा, "लग्नाला पाणी नको." सगळा वॉर्ड हसायचा, गुरुजी रडकुंडीला यायचे. तेव्हा कंपनीच्या तन्मय नावाच्या इंजिनिअरनं ऋजुताला विचारलं होतं, "मॅडम, घशातला उंच आवाज ठेवायचा की गाळायचा? ठेवला तर शंभरातले सत्तर शब्द बरोबर येतात. गाळला तर चौऱ्याण्णव."

तिनं क्षणभरही विचार केला नव्हता. "गाळा. उफाव ओरडत नाहीत."

आता हे उत्तर तिनं कोणाच्या वतीनं दिलं ते बघा. समोर खाटांवर हाडामांसाची माणसं होती, जन्मभर हाका मारलेली, पोरांना दटावलेली, बैलांवर ओरडलेली. आणि ही बाई बोलली कड्यावरच्या त्या कागदी लोकांसाठी! आकडेही तिच्याच बाजूचे निघाले, त्यामुळे कोणी हरकत घेतली नाही. भाषा घडवणाऱ्याला आपल्या भाषेत परका ध्वनी घुसलेला खपत नाही, एवढंच त्यामागचं खरं कारण.

"मी त्या तुझ्या पक्ष्याला भीत न्हाई," अण्णासो म्हणाला.

"अण्णा, पुढच्या आवृत्तीत बघू. नक्की."

"तू माझी भन हाईस का त्यांची?"

डब्यानं तेही शांतपणेच विचारलं. ऋजुता हसून पुढं चालायला लागली. पुढच्या आवृत्तीत काही घालायचा तिचा विचार नव्हता, आणि तिला वाटलं, अण्णाला ते कळलं होतं.

मार्चमध्ये हळदीची धांदल असते. अण्णासोची बायको वैजयंता हिच्याकडे हळद पॉलिश करायचा ड्रम होता. वाळलेली हळद त्या लोखंडी पिंपात घालून मोटरवर फिरवायची, की साल निघून हळकुंड पिवळंधमक होतं. खडखडाट असा की शेजारी उभ्या माणसाचं बोलणं कळू नये. नवरा आजारी पडल्यापासून घर त्या ड्रमवरच चाललं होतं.

त्या खडखडाटासाठीच तिच्या दोन्ही कानांत कानबटणं असत. ओठवाणीवाल्यांच्या घरच्यांना कंपनी ती देते. बटण यंत्रांचा गोंगाट अडवतं, माणसांचं बोलणं आत सोडतं, आणि डब्यातला आवाज थेट कानात आणतं. डब्यानं जे कचरा म्हणून गाळलं तेही बटण कानापर्यंत येऊ देत नाही. ही सोय घरच्यांनीच मागून घेतली होती. पानावर बसल्यावर आजाऱ्याच्या घशातली घरघर ऐकून त्यांना घास उतरत नसे. वैजयंताला बटणांचा जाच व्हायचा, कान खाजायचे. अण्णासोच म्हणायचा, "घाल गं. न्हाईतर मी हाक मारलेली तुला कळायची कशी?"

बुधवारी दुपारी एकच्या पुढं बायका जेवायला गेल्या होत्या. एवढा घाणा संपवून मग जेवू म्हणून वैजयंता एकटीच थांबली. मोटरच्या पट्ट्यावरची जाळी सकाळी दुरुस्तीला काढली होती, ती भिंतीला टेकवून ठेवलेली. धुरळ्यासाठी तिनं तोंडाला आणि डोक्याला स्टोल गुंडाळला होता. वाकून घमेलं भरताना त्याचं एक टोक मागून सुटलं.

अण्णासो तिच्यासाठी पाण्याचा तांब्या घेऊन फाटकातून आत येत होता. मध्ये तीस पावलांचं अंतर. त्यानं ते टोक फिरत्या पट्ट्याकडे जाताना बघितलं.

तो ओरडला. तीस वर्षांत कुठल्या फडात ओरडला नसेल असा ओरडला. वैजयंतानं वळूनसुद्धा बघितलं नाही. ती घमेलं उचलून एक पाऊल मागं सरकली, पट्ट्याच्या बाजूला. मग तो पळाला. तो पोचला तेव्हा पट्ट्यानं स्टोल गळ्यासकट ओढून घेतला होता. मोटर बंद केली त्यानंच. तालुक्याच्या दवाखान्यात पोचेपर्यंत वैजयंता गेली होती.

ऋजुता संध्याकाळी आली. अण्णासो ओट्यावर बसला होता, हातांवर हळद तशीच.

"दोन ध्वनी हुते, ऋजे," डबा म्हणाला. "एक फुंकर आणि एक आतली टिचकी. 'थांब'. तूच शिकवलंस. तेवढं केलं असतं तर तिच्या कानात पडलं असतं. सुचलंच न्हाई बघ. आईच्या पोटातनं आणलेलाच आवाज आला."

ऋजुता त्याच्या समोर बसली. तिनं त्याचे हात पाण्यानं धुतले. हळद निघाली नाही.

अपघात म्हणून प्रकरण मिटलं असतं. पण मंगल नावाच्या कामकरी बाईनं रस्त्यावरून एवढंच बघितलं होतं, की अण्णासो फाटकात उभा आहे. "उभं हुतं. तोंड उघडं हुतं. ड्रमच्या नादात आवाज काय मला आला न्हाई," ती म्हणाली. खोटं बोलणारी बाई नव्हती ती. पोलिसांनी मग कंपनीकडून डब्याची नोंद मागवली. ओठवाणी मूळ आवाज साठवत नाही. माणसाच्या घरातलं खाजगी बोलणं साठू नये म्हणून तसा नियमच आहे. ती फक्त ओळखलेले ध्वनी लिहून ठेवते. कागदावर आलं, 'एक वाजून बारा मिनिटं चार सेकंद ते एकतीस सेकंद: शांतता.'

सत्तावीस सेकंद. गावानं तो कागद तोंडपाठ केला. माणूस खोटं बोलेल, डबा कशाला बोलेल? आजारपणाला कंटाळून नवरा-बायकोत कुरबुरी चालायच्या हे सगळ्यांनाच माहीत होतं. कोणाच्या घरात चालत नाहीत? पण आता त्यांना वेगळाच अर्थ आला. बजा खोताच्या हॉटेलात अण्णासो आला की बाकावर जागा व्हायला लागली. शेजारी बसायला कोणी तयार नव्हतं.

"मी ओरडलो," अण्णासो प्रत्येकाला सांगायचा. डबा ते वाक्य इतक्या थंडपणे म्हणायचा की ऐकणाऱ्याचा संशय वाढायचा.

आठव्या दिवशी तन्मयचा फोन आला.

"मॅडम, वाईट झालं. पण एक विनंती आहे. गाळणीबद्दल कुठं बोलू नका."

"तो ओरडला असला तरी डब्यानं शांतताच लिहिली असती, तन्मय. तुला माहितेय."

"माहितेय. पण हे बाहेर आलं तर परवानगी थांबेल, चौकशी होईपर्यंत सगळे डबे बंद करायला लावतील. चार हजार माणसं एका दिवसात मुकी होतील, मॅडम. मी नोकरीसाठी नाही सांगत." तो खरंच नोकरीसाठी सांगत नव्हता. त्याची आजी ओठवाणीवर बोलायची.

ऋजुता रात्रभर तळमळली असं म्हणणं सोपं आहे. खरी गोष्ट वाईट होती. ती चांगली झोपली, आणि सकाळी उठल्यावर तिच्या लक्षात आलं, की आपण गप्प बसायचं ठरवूनच झोपलो होतो.

नवव्या दिवशी सकाळी वैजयंताचा भाऊ प्रल्हाद चौगुले माहेरची चार माणसं घेऊन आला. अंगणात उभा राहिला, ओट्यावर चढला नाही. पाणी पुढं केलं तर हात लावला नाही.

"उद्या दहाव्याला आमच्यातलं कुणी येणार न्हाई," तो म्हणाला. "आणि ह्यो दाजी तिच्या दहाव्याला बसला तर मी गप राहणार न्हाई. फौजदाराकडं तक्रार लिहून तयार हाय. बायको मरताना जो तोंडातनं हूं काढत न्हाई, त्यो तिच्या नावानं पाणी कशाला सोडतोय?"

अण्णासो दाराच्या चौकटीला धरून उभा होता. त्याचे ओठ हलले. "मी ओरडलो, प्रल्हाद."

"ह्ये बघा, ह्ये असं!" प्रल्हाद डब्याकडे बोट दाखवत बाकीच्यांना म्हणाला. "भाकरी दे म्हणावं तसं सांगतंय!"

अण्णासोनं मान खाली घातली. अण्णा आता पुन्हा कधी बोलणार नाही, डबा काढून फेकेल आणि या चौकटीतच संपून जाईल, असं ऋजुताला त्या क्षणी स्पष्ट दिसलं. ती आत गेली. पोलिसांनी परत दिलेल्या वैजयंताच्या वस्तू एका पिशवीत होत्या. त्यातली कानबटणं तिनं काढली. जाळीत हळदीची पूड बसली होती. तिनं ती पदरानं पुसली आणि अंगणात आली.

"प्रल्हाद, ही कानांत घाला."

"कशाला?"

"वहिनीच्या कानांत हीच होती. घाला, मग काय बोलायचं ते बोला."

बहिणीच्या वस्तूला नाही म्हणणं त्याला जमलं नाही. त्यानं बटणं घातली. "मला सगळं ऐकू येतंय," तो घुश्शातच म्हणाला. "तुमचं बोलणं येतंय, कावळा वरडतोय त्येबी येतंय."

"अण्णा," ऋजुता म्हणाली, "त्या दिवशी ओरडलास तसं ओरड."

अण्णासोनं मान हलवली. "नको, ऋजे. न्हाई जमायचं मला."

"एकदाच. माझ्यासाठी नको. वहिनीसाठी."

तो अंगणात उतरला. प्रल्हादच्या समोर, तीन पावलांवर उभा राहिला. मग त्यानं छाती भरून श्वास घेतला.

माहेरची चार माणसं एकदम मागं सरली. एकानं कानांवर हात दाबले. गोठ्यातल्या म्हशीनं दावं ताणलं, शेजारची म्हातारी पिठानं माखलेल्या हातांनी बाहेर आली, रस्त्यानं जाणारी मोटारसायकल थांबली. ती आरोळी नव्हती, तिला फडातला डौल नव्हता. कोणाला तरी मागं खेचून आणायला निघालेला नुसता आवाज होता तो, आणि थांबतच नव्हता.

प्रल्हाद दाजीच्या उघड्या तोंडाकडे बघत होता. कपाळाला आठ्या होत्या. थोडा वेळ त्यानं वाट बघितली.

"ओरडा की, दाजी," तो म्हणाला.

प्रल्हादनं अण्णासोच्या मानेच्या तटतटलेल्या शिरा बघितल्या. मग कानांवर हात धरलेला आपला चुलता बघितला. मग दारातली म्हातारी बघितली. त्याचा चेहरा हळूहळू पांढरा पडत गेला. त्यानं उजव्या कानातलं बटण उपसून काढलं, आणि आवाज त्याच्या अंगावर आला तसा तो दोन पावलं हेलपाटला.

"बास, अण्णा," ऋजुता म्हणाली. "बास कर."

मग तिनं सगळं सांगितलं. कड्यावरचे लोक, आंधळा पक्षी, शंभरातले चौऱ्याण्णव शब्द, 'गाळा' म्हणून आपण दिलेलं उत्तर, कंपनीचा फोन. कागदावरची शांतता अण्णाची नव्हती, आपली होती, हेही सांगितलं. म्हातारी ऐकत होती, मोटारसायकलवाला ऐकत होता. संध्याकाळपर्यंत हे तालुक्यात जाणार आणि उद्या डबे बंद व्हायला लागणार, हे तिला ठाऊक होतं. त्या गुरुजींचा चेहरा तिच्या डोळ्यांसमोर आला. तिला भीती वाटली, आणि तरीही ती बोलत राहिली.

अण्णासो जागच्या जागी खाली बसला होता. अंगणातल्या मातीत, दोन्ही हात तोंडावर घेऊन. त्याचे खांदे हलत होते. गळ्यातल्या डब्याचा हिरवा दिवा लागलेला होता, म्हणजे डबा नीट चालू होता आणि ऐकत होता.

प्रल्हाद त्याच्या शेजारी उकिडवा बसला. दाजीच्या पाठीवर हात ठेवावा की न ठेवावा, हे त्याला ठरवता येत नव्हतं. त्याच्या डाव्या कानात बटण तसंच राहिलं होतं. त्यानं उजव्या कानावर तळहात दाबला, काढला, पुन्हा दाबला.

"ह्या कानात दाजी रडाय लागल्यात," तो म्हणाला. "ह्या कानात काय बी न्हाई. म्हंजे वर्षभर ह्यो माणूस घरात रडत असंल, तर आक्काला..."

त्यानं वाक्य पुरं केलं नाही. ऋजुताकडे मान वर करून बघितलं. राग नव्हता त्याच्या तोंडावर. तो खरंच विचारत होता, एखाद्या परमुलखातल्या माणसाला तिकडची रीत विचारावी तसं.

"ताई, तुमच्या त्या लोकांत माणूस मेलं, तर रडत्यात कसं?"